पाच भेटींची फाईल

फेब्रुवारी सरत आला की अर्धापूरच्या रस्त्याला हळद शिजायला लागते. शेताच्या कडेला कुकर उभे राहतात, पांढरी वाफ रस्त्यावर उतरते आणि एसटीतली माणसं खिडक्या लावून घेतात. माझ्या नवऱ्याला तो वास आवडतो. तो मोटारसायकल मुद्दाम हळू करतो आणि मागं बसलेली मी पदर नाकाला लावते. "नर्स असून तुला वास सोसत नाही," असं तो दरवर्षी म्हणतो आणि मी दरवर्षी वेगळं काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तसे मला सगळे वास चालतात. चिघळलेल्या जखमेचा, फिनेलचा, बाळंतिणीच्या खोलीचा. ओल्या हळदीच्या वाफेचा मात्र चालत नाही, आणि का चालत नाही ते चौदा वर्षांत मी त्याला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी नांदेडच्या एका खाजगी प्रसूतिगृहात एएनएम होते. दीड वर्षाचं प्रशिक्षण झालेली साधी नर्सबाई. स्टाफ नर्स करायच्या तेच काम मी करायची, कधी कधी थोडं जास्तच. नाडी मी बघायची, सलाईन मी लावायची, आणि पान पुरं झालं की रजिस्टर त्यांच्याकडं सरकवायची, कारण सही त्यांची चालायची. डॉक्टर त्यांना 'सिस्टर' म्हणायचे आणि मला नुसतंच 'अगं'. माझी आई त्याच शहरात दुसऱ्या एका दवाखान्यात आया होती. तिचं उभं आयुष्य बाळंतपणाच्या खोलीतल्या चादरी धुण्यात गेलं. ती म्हणायची, "सही करनारी हो माय. धुनारे लई हायत."

मग नोकरीतल्या नर्सबायांसाठी दूरशिक्षणाचा वर्ग निघाला. पुस्तकं टपालानं घरी यायची, शनिवार-रविवार लातूरच्या केंद्रावर वर्ग भरायचे, शेवटी परीक्षा. पास झालं की नर्सिंग परिषदेच्या पटावर नोंदणीकृत परिचारिका म्हणून नाव लागणार होतं. पुस्तकांचं पहिलं पुडकं आलं तेव्हा आईनं सगळ्यांना जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घातली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं शरीररचनेच्या पुस्तकावर आषाढ महिना उलटा लागला. मी तो तसाच राहू दिला.

शनिवारची सकाळी सहाची लातूर गाडी. लोहा गावापाशी ऊन खिडकीतून आत यायचं, अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबायची. मांडीवर पुस्तक आणि ओठांत हाडांची नावं. एकदा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी बराच वेळ चित्र निरखलं आणि काळजीनं विचारलं, "कुनाचा सांगाडा हाय ह्यो?" मी म्हटलं, "कुणाचा नाही बाबा, अभ्यासाचा आहे." "मंग ठीक हाय," म्हणाले आणि निर्धास्त झोपी गेले. ते दिवस आठवले की मला स्वतःचं कौतुकही वाटतं, आणि मग लगेच पुढचं आठवतं.

अहमदपूरला शोभाताई चढायची. ती तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आमच्याच वर्गातली. गाडीत बसल्या बसल्या डबा उघडायची आणि आधी मला खायला लावायची. बाई मनानं चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते तिच्या माथी मारायचा मोह मला कितीदा तरी झाला आहे.

शेवटच्या वर्षी एक फाईल करावी लागे. आपल्या नोकरीच्या जागेबाहेरचं एक कुटुंब निवडायचं, आठवड्याच्या अंतरानं पाच वेळा त्याच्या घरी जायचं, आणि दर भेटीत काय पाहिलं, काय केलं, काय शिकवलं ते लिहायचं. पाचही भेटींचं नियोजन आधीच करून ठेवायचं असे. कोणत्या भेटीत कोणता विषय, ते ठरलेलं. पहिल्या भेटीत ओळख, तपासणी आणि आहार. दुसऱ्या भेटीत धोक्याची लक्षणं. तिसरीत बाळंतपणाची तयारी. घरात गरोदर बाई मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिच्यावर लिहिण्यासारखं भरपूर असतं.

मला मिळाली. अर्धापूरच्या पुढं, आत, हळदीच्या शेतांमधलं एक गाव. तिथली आशा कार्यकर्ती कौसल्याबाई माझ्या ओळखीची. गावाला नेमलेली नर्स रजेवर होती आणि तिच्या जागी कोणी आलेलं नव्हतं, त्यामुळं मी येणार म्हटल्यावर कौसल्याबाईंना हायसं वाटलं. त्यांनी मला मीराच्या अंगणात नेलं. मीरा एकवीस-बावीस वर्षांची, आठवा महिना संपत आलेला, पहिलंच बाळंतपण. ती पाटावर बसून हळदीचे गड्डे एकीकडं आणि हळकुंडं एकीकडं करत होती. मी रक्तदाबाचा पट्टा बांधला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

रक्तदाब थोडा जास्त भरला. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. तिची सासू शेजारी उभी होती. "पोरीचे पाय सुजायलेत बाई. हे बराबर हाय का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, लघवी तपासायला हवी, पट्ट्या पुढच्या वेळी घेऊन येते. मीठ कमी खा, डाव्या कुशीवर झोप, असं सांगितलं. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर घरी थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा, हे मात्र मी सांगितलं नाही. मला ते येत नव्हतं अशातला भाग नाही. पाठ होतं. पण ते दुसऱ्या भेटीच्या पानावर होतं. पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं तर दुसऱ्या भेटीत लिहायचं काय, असा विचार मी तिच्या अंगणात उभी राहून केला. एवढी हुशार विद्यार्थिनी होते मी.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, प्रसूतिगृहातल्या दोघी रजेवर गेल्या आणि मला कामावर थांबावं लागलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी घरी पाहुणे होते. त्यानंतरचे दोन गुरुवार मोकळे होते. पण परीक्षेचं वाचन राहिलं होतं, ऊन तापायला लागलं होतं, अर्धापूरला उतरून दुसरी गाडी धरायची आणि ती न मिळाली तर पायपीट करायची होती. मी कंटाळा केला. या शब्दाऐवजी दुसरा बरा दिसणारा शब्द मी पुढं बरीच वर्षं शोधत होते, तो सापडला नाही.

फाईल द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, लातूरच्या केंद्राच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली आम्ही आठ-दहा जणी सतरंजीवर बसलो होतो. सगळ्याजणी भेटी लिहीत होत्या. कोणाच्या तीन राहिलेल्या, कोणाच्या चार. शोभाताईनं पर्समधून तीन पेनं काढली. एक निळं, एक गडद निळं आणि एक संपत आलेलं. "सगळं एकाच पेनानं लिव्हलं की पकडतेत," ती म्हणाली. "दर भेटीला पेन बदलायचं. अन् रक्तदाब सरळ एकशेवीस-ऐंशी लिव्हू नको, कुनाचाच रोज तसा नसतोय." कोणीतरी हसलं. मीही हसले आणि पेन घेतलं.

दुसरी भेट: लघवीची तपासणी केली, दोष नाही. धोक्याची लक्षणं समजावून सांगितली, मातेनं ती परत म्हणून दाखवली. तिसरी भेट: सूज कमी. चौथी भेट: रक्तदाब उतरणीला. पाचव्या भेटीत तर मी सासूच्या तोंडी एक वाक्यही घातलं, "आता सुनेचे पाय हलके झाले." तासाभरात मी कागदावर मीराला बरं केलं. वर आणखी एक केलं. डब्यातल्या बटाट्याच्या भाजीत बोट बुडवलं आणि तिसऱ्या भेटीच्या पानाच्या कडेला पुसलं. हळदीच्या घरी जाऊन आल्यासारखं दिसावं म्हणून. ते शोभाताईनं शिकवलेलं नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "तू तर माझ्या बी पुढं गेलीस." मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहिताना माझे कान गरम झाले आहेत.

बुधवारी कौसल्याबाईंचा फोन आला. मीराला सकाळी झटके आले. दातखिळी बसली, जीभ चावली गेली. गाडी मिळायला वेळ गेला, तसंच नांदेडला आणलं. "मीरा हाय, पन लेकरू गेलं ताई," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुमी तिथंच असता न्हवं? जाऊन येता का जरा? घाबरून गेलेत सगळे." मी म्हटलं, शनिवारी माझी तोंडी परीक्षा आहे, झाली की जाते.

तिला ठेवलं होतं तो दवाखाना माझ्या कामाच्या जागेपासून चालत पंधरा मिनिटांवर होता. ती तिथं नऊ दिवस होती, हेही मला कौसल्याबाईंकडूनच कळलं. मी गेले नाही. परीक्षेच्या आधी गेले नाही आणि नंतरही नाही. त्या दवाखान्यावरून जाणारा रस्ता टाळून मी लांबच्या वाटेनं घरी जात होते. तिची सासू रस्त्यात भेटली तर काय बोलू, एवढीच मला धास्ती होती. मीरा कशी असेल, हा विचार त्या धास्तीच्या मागून यायचा. कोणता विचार आधी यायचा ते मी विसरलेले नाही.

शनिवारी लातूरला तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या, वयस्क, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी माझी फाईल सावकाश चाळली. तिसऱ्या भेटीच्या पानावर थांबल्या, डागावर बोट ठेवलं आणि हसल्या. "तू खरंच घरी जाऊन आलेली दिसतेस. बाकीच्यांच्या फायली किती कोऱ्याकरकरीत आहेत बघ." मी मान हलवली. फाईल मिटता मिटता त्यांनी सहज विचारलं, "मग, पुढं काय झालं हिचं?"

तीन दिवसांपासून मला माहीत होतं. सांगायला ती एकच जागा होती आणि ती एकच वेळ. मी म्हणाले, "सुखरूप बाळंत झाली, मॅडम. मुलगी झाली."

मुलगी का म्हणाले, कोणास ठाऊक. नुसतं सुखरूप म्हटलं असतं तरी भागलं असतं. गेलेल्या बाळाला मी परीक्षेच्या टेबलापाशी जिवंत केलं आणि त्या बाईंनी समाधानानं गुण लिहिले. वर्गात सगळ्यात जास्त गुण माझ्या फाईलला पडले.

नोंदणी झाली, नाव लागलं. मी रजिस्टरवर पहिली सही केली त्या दिवशी आई तिच्या दवाखान्यातून सुटल्यावर चपला हातात घेऊन माझ्या वॉर्डच्या दारात आली. पुसलेली फरशी तिला तुडवायची नव्हती. "कुठं हाय, दाव," म्हणाली. मी पान उघडून दिलं. तिनं सहीवरून बोट फिरवलं. सोड्यानं आणि गरम पाण्यानं कायमचं सुरकुतलेलं बोट. "हीच का?" "हो." "लई झ्याक," म्हणाली. मी तिच्या तोंडाकडं बघू शकले नाही. आई आता नाही. तिला सांगायचं राहिलं, असं म्हणावं तर तेही खोटं होईल. मला सांगायचंच नव्हतं.

पुढं मी आणखी शिकले. आता मोठ्या दवाखान्यात आहे, लोक मला सिस्टर म्हणतात, नव्या पोरी मॅडम म्हणतात. माझ्या वॉर्डात मी स्वतः मोजल्याशिवाय रक्तदाब लिहिला जात नाही. गरोदर बाई आली की धोक्याची लक्षणं मी दारातच सांगते, आधी ती आणि मग तिचं नाव-गाव. पोरी पाठीमागं हसतात. बाई काटेकोर आहे, असं सगळे म्हणतात. बाई घाबरलेली आहे, हे कोणाला दिसत नाही. कधी कधी मी स्वतःशी वादही घालते. पाच वेळा गेले असते तरी झटके आले असते, असं होतं कधी कधी, मी पुढं अशा बाया पाहिल्या आहेत. हे खरं असेल. पण जी गेली असती तिनं ते म्हणावं. मला तो अधिकार नाही.

या वर्षी हळद शिजायच्या वेळेला लातूरच्या त्याच केंद्रावर मी शिकवायला जात होते. शनिवारची गाडी आता मोकळी असते आणि लोक झोपण्याऐवजी मोबाईल बघतात. वर्गात अश्विनी नावाची एक मुलगी आहे, धर्माबादकडची, एएनएम, बोलायला चुरचुरीत. मधल्या सुट्टीत तिनं मोबाईल पुढं केला. "मॅडम, ही तुमचीच ना? कपाटात नमुना म्हनून ठेवलीया. म्या समदे फोटो काढून घेतले." माझी फाईल होती. कपाटात ती आहे हे मला माहीत होतं. फाडून टाकायचं धाडस झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणी कौतुक केलं की अजूनही क्षणभर बरं वाटायचं. अश्विनीनं बोटांनी फोटो मोठा केला. "किती जिवंत लिव्हलंय. हा हळदीचा डाग बगा."

मी तिला विचारलं, "तुझ्या भेटी किती झाल्या?" तिनं मोबाईल खाली घेतला. "खरं सांग." "एक," ती म्हणाली. मग मी तिला झाडलं. सगळ्यांसमोर. माणसाच्या जिवाशी खेळता, लाज कशी वाटत नाही, असं काय काय बोलले. बोलण्यात मी पक्की आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी माझं तोंड थांबेना. ती एवढंच म्हणाली, "चुकलं मॅडम, सोमवारी जाते म्या." आणि ती गेलीसुद्धा, सोमवारीच, तिथून मला फोन केला. ज्या पोरीला मी लाज काढून बोलले, तिनं दोन दिवसांत ते केलं जे मला चौदा वर्षांत जमलं नव्हतं.

त्याच गुरुवारी अर्धापूरची गाडी धरली. नवऱ्याला म्हटलं, एका पेशंटकडं जाऊन येते.

गावाचा रस्ता आता सिमेंटचा झाला आहे, गाडी थेट वेशीपर्यंत जाते. मीराच्या घरावर स्लॅब पडला आहे, अंगण तेच आहे. ती हळकुंडं वेगळी करत बसली होती. अंगानं भरली आहे, कानाजवळ थोडे केस पांढरे झाले आहेत. मला वाटलं होतं ओळखणार नाही. तिनं एकदाच वर बघितलं. "या ताई," म्हणाली आणि हातातलं काम न सोडता पायानं एक पाट माझ्याकडं सरकवला. सासू दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणाली. पुढं दोन लेकरं झाली, दोन्ही शाळेत गेलीत, म्हणाली. "तुमचं बरं हाय का?" असंही विचारलं.

गाडीत मी सगळं जुळवून आणलं होतं. कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं. तिच्यापुढं त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, "मीरा, तेव्हा मी तुझ्याकडं पाच वेळा यायला पाहिजे होतं. मी एकदाच आले. उरलेल्या चार वेळा आले, असं खोटं लिहून दिलं. त्यावर मी पास झाले. तुझं बाळ गेल्याचं कळल्यावरसुद्धा परीक्षेत सांगितलं की तू सुखरूप आहेस."

तिनं एक गड्डा उचलला, त्यावरची माती झाडली आणि बाजूला ठेवला.

"लिव्हलेलं मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "पन तुमी आल्या न्हाईत, हे मला ठाव हाय की ताई. म्या घरीच व्हते."

तिच्या आवाजात राग नव्हता. चौदा वर्षं मी जी गोष्ट जगापासून लपवत होते, ती तिला पहिल्या गुरुवारपासून माहीत होती. मला एवढंही कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मी आले असते तर सांगितलं असतं, डोकं दुखलं तर लगेच दवाखान्यात जा म्हणून."

"डोकं लई दुखायलं व्हतं," ती म्हणाली. "आठ दिस. सासूबाई मागं लागल्या व्हत्या, चल अर्धापूरला दाखवून येऊ म्हनून. म्याच न्हाई म्हनलं." तिनं हात थांबवले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "म्हनलं, ताई नांदेडहून यायच्या हायत, कव्हा येतील सांगता येत न्हाई. आपन तिकडं जायचं अन् त्या इतक्या लांबून येऊन घराला कुलूप बघून वापस जायच्या. बरं दिसतंय का ते?"